आमची बाग ब्रोशरमध्ये आहे

सकाळच्या लोकलने बदलापूरहून ठाण्याकडे निघालं की अंबरनाथ यायच्या आधी, चिखलोलीच्या आसपास, रुळांपासून थोड्या अंतरावर एक पळस होता. वर्षभर त्याच्याकडे कुणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं. फेब्रुवारी संपत आला की त्याची पानं गळायची आणि एके दिवशी तो पेटल्यासारखा केशरी दिसायचा. गाडी वेगात असली तर सहा-सात सेकंद. लेडीज डब्यात विंडो सीट मिळाली तरच. माझ्यासाठी वसंत म्हणजे ते सहा-सात सेकंद होते.

गेल्या वर्षी त्या जागेला चारी बाजूंनी निळे पत्रे लागले. या वर्षी झाड नाही. पत्र्यांवर मोठा बोर्ड आहे : ‘निसर्गाच्या कुशीत तुमचं हक्काचं घर’. खाली वन आणि टू बीएचकेचे भाव, आणि सुविधांच्या यादीत जिम आणि क्लबहाऊसच्या मधोमध ‘लँडस्केप गार्डन’.

लगेच बिल्डरला शिव्या घालायला घेऊ नका. मीही बदलापुरात अशाच एका बिल्डिंगमध्ये राहते. तिथे आधी भातशेती होती. हप्ता चालू आहे. कुणीतरी माझ्याआधी असाच लोकलमधून एखादा पळस पाहत असणार, जो माझ्या बेडरूमसाठी तोडला गेला. त्यामुळे ‘आता यापुढे कुणी येऊ नका’ असं म्हणायचा मला अधिकार नाही. माझं भांडण वेगळं आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून २०११च्या जनगणनेतच आम्ही सव्वानऊ लाखांवर होतो. त्यानंतर जनगणना लांबली, माणसं काही थांबली नाहीत. एवढ्या लोकांना संध्याकाळी काही कारण नसताना जाऊन बसता येईल अशी मोठी, फुकट, सार्वजनिक बाग हवी. तिची जागा आत्ता राखली नाही, तर ती नंतर मिळत नसते.

‘आपल्याकडे कुठे आलाय वसंत?’ हे वाक्य मी ऑफिसमध्ये दर मार्चला ऐकते. आपल्याकडे उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळीनंतरचा थोडा बरा महिना, बस. हे म्हणणाऱ्यांच्या फोनमध्ये मात्र जपानच्या चेरी ब्लॉसमच्या रील्स सेव्ह केलेल्या असतात. वसंत आपल्याकडे भरपूर आहे. काटेसावर आधी फुलते, मग पळस, पांगारा. कुसुंबाची नवी पालवी इतकी लाल असते की लांबून फुलंच वाटतात. पिंपळाची पानं तांब्याच्या रंगाची येतात. करंजाचा हिरवा रंग चैत्रात जसा दिसतो तसा पुन्हा वर्षभर दिसत नाही. पाडव्याला आपण ज्याचा पाला खातो त्या कडुनिंबाला बारीक पांढरी फुलं येतात आणि संध्याकाळी त्यांचा वास सुटतो. तांबट पक्षी दिवसभर टुक-टुक-टुक करत बसतो. बदलापूरच्या ज्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याला मोहोरही याच दिवसांत येतो.

यातलं काहीही पाहायला पासपोर्ट लागत नाही. फक्त मोठं झाड लागतं, त्याच्या खाली बसायला जागा लागते आणि ‘इथे काय करताय?’ असं कुणी विचारायला नको असतं. नेमक्या याच तीन गोष्टी आमच्याकडे एका जागी सापडत नाहीत.

म्हणून आम्ही भायखळ्याला जातो. कॉलेजच्या आमच्या ग्रुपवर दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणीतरी मेसेज टाकतं, ‘राणीबागेत उर्वशी फुललीय, येणार का?’ उर्वशीचे लाल-पिवळे झुबके लोंबताना पाहायचे म्हणजे बदलापूरहून दीड तास लोकल, परत दीड तास. बाग १८६२ सालची आहे, पन्नास एकरांवर पसरलेली. कैलासपती, गोरखचिंच, नावं माहीत नसलेली कितीतरी जुनी झाडं. पेंग्विन आल्यानंतर २०१७मध्ये तिथलं तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झालं. तेही मी काढते, कारण दुसरं काय करणार? पण हिशोब बघा : तीन तासांचा प्रवास, तिकीट, खाणं, आणि रविवार संपला. माझी आई एकदाच आली. म्हणाली, ‘झाडाखाली बसायला एवढ्या लांब?’ पुढच्या वर्षी आली नाही. तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

राणीबाग आज आहे तीसुद्धा आपोआप नाही. २००७च्या सुमारास तिथे प्राणिसंग्रहालयाचा मोठा, कोट्यवधींचा पुनर्विकास येऊ घातला होता. त्यात जुन्या झाडांचं काय होणार, हा प्रश्न विचारत काही मुंबईकर बायका पुढे आल्या. त्यांनी झाडं मोजली, नोंदी केल्या, लोकांना बागेतून फिरवून आणलं, समित्यांसमोर कागद मांडले. काही वर्षं चिकाटीने हे केलं, तेव्हा तो आराखडा जसाच्या तसा झाला नाही. आपण जिच्याकडे ‘मुंबईची आहे म्हणून असणारच’ असं बघतो, ती बाग कुणीतरी राखली म्हणून उरली.

आता आमच्याकडच्या बागांकडे येते. त्या दोन प्रकारच्या.

पहिली सोसायटीतली. राज्याच्या बांधकाम नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प उभा राहिला की साधारण १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. नियम चांगला आहे. पण त्या १० टक्क्यांचं होतं काय? ती जागा गेटच्या आत जाते. तिचे तुकडे पडतात, त्यावर लॉन येतं, दोन शोभेचे पाम येतात आणि एक घसरगुंडी. आमच्या सोसायटीतल्या लॉनवर माझी उल्हासनगरची मैत्रीण आणि मी एकदा बसलो होतो. वॉचमनकाका आले आणि अवघडून म्हणाले, ‘मॅडम, गवतावर बसू नका, कमिटीने सांगितलंय. बेंचवर बसा.’ बेंच उन्हात होता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी शाळा सुटल्यावर आईची वाट बघत गेटपाशी बसते. झोपाळा तिच्यापासून वीस पावलांवर आहे. ‘बाहेरच्यांना अलाउड नाही.’

शहरभर अशा शंभर गेटांच्या आत शंभर लॉन आहेत. कागदावर सगळ्यांची बेरीज केली तर शहर हिरवंगार. प्रत्यक्षात ज्याच्याकडे फ्लॅट त्याच्याकडे दोन पाम, आणि ज्याच्याकडे फ्लॅट नाही त्याच्याकडे रस्ता. शंभर तुकडे जोडून एक बाग होत नाही. मोठं झाड, त्याच्यावरचे पक्षी, धावायला जागा, आवाजापासून लांब गेल्याची भावना, हे सगळं सलग जमिनीलाच जमतं.

दुसरी बाग सार्वजनिक, पण ‘सुशोभित’. कुठल्याही छोट्या शहरात ती सारखीच. कमान, तिच्यावर नावं. आत पेव्हर ब्लॉक. झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट. फायबरचा जिराफ. दिव्यांची माळ लावलेला सेल्फी पॉइंट. मग पाटी : वेळ सकाळी ६ ते १०, संध्याकाळी ४ ते ९. दुपारी बंद. दुपारीच तर सावली लागते! रिक्षावाल्याला, डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला, मार्केटमधून पिशव्या घेऊन परतणाऱ्या आजीला. आणि मी ऐरोलीहून सुटून, ठाण्याला गाडी बदलून उतरते तेव्हा घड्याळात ९ वाजून गेलेले असतात. माझ्यासारखे हजारो. ज्यांच्या पगारावर ही शहरं वाढतायत त्यांना बाग उघडी कधीच दिसत नाही.

पाटीवर पुढेही बरंच असतं. खेळू नये. झोपू नये. जोडप्यांनी ‘अश्लील वर्तन’ करू नये, म्हणजे शेजारी बसू नये. तुम्ही विशीत असाल तर तुम्हाला हे मी सांगायची गरज नाही. घर ४०० स्क्वेअर फुटांचं, त्यात पाच माणसं. फोनवर बोलायचं तर जिन्यात जायचं. कुणावर प्रेम असेल तर मॉलच्या फूडकोर्टात एक कॉफी दीड तास पुरवायची. आपली पिढी सतत स्क्रीनमध्ये असते म्हणून लेख येतात. बाहेर बसायचं कुठे, हे त्या लेखांत नसतं.

बाईसाठी तर आणखी एक अट असते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं मुंबईतल्या बायकांविषयीचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११मध्ये आलं. बाईला सार्वजनिक जागेत असायला काहीतरी कारण दाखवावं लागतं, हा त्यातला मुद्दा मला रोज पटतो. भाजीची पिशवी हवी, मूल हवं, वॉकिंगचे शूज हवेत. नुसतं बसलं की बघे जमतात. मोठ्या, गजबजलेल्या बागेत हे कमी होतं, कारण तिथे सगळेच बिनकामाचे बसलेले असतात. राणीबागेत मी अर्धा तास झाडाकडे बघत एकटी बसले आणि कुणीही वळून पाहिलं नाही. त्या अर्ध्या तासासाठी मी तीन तासांचा प्रवास केला होता, हे मला परतताना दादरला कळलं.

आता आकडे. केंद्र सरकारच्या २०१४च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांमध्ये दर माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलंय. उल्हासनगरची २०११ची लोकसंख्या ५,०६,०९८. दहाने गुणलं की ५० लाख चौरस मीटर, म्हणजे पाच चौरस किलोमीटर. साधारण पंचवीस राणीबागा. आणि अख्खं उल्हासनगर आहे तेरा चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे निकष पाळायचा तर शहराचा एक तृतीयांशाहून जास्त भाग मोकळा हवा. हे होणार नाही. कुणीही निवडून आलं तरी होणार नाही.

मी त्या शहरात वाढलेय, त्यामुळे हे लिहिताना बरं वाटत नाही. उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातलं लष्कराचं ट्रान्झिट कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना तिथल्या बराकींत ठेवलं गेलं आणि १९४९ साली गावाला हे नाव मिळालं. ज्यांचं सगळं मागे राहिलं होतं त्यांनी बराकीत दुकान टाकलं, दुकानावर खोली चढवली, खोलीवर आणखी खोली. त्यांना आधी बाग आखा असं कोण सांगणार होतं? पुढे मात्र गरज संपून धंदा सुरू झाला, आणि इतकी बेकायदा बांधकामं झाली की २००६मध्ये ती नियमित करायला या एका शहरासाठी वेगळा कायदा करावा लागला. आम्ही चार नंबरला राहायचो. सुट्टीत आजी कधीतरी रिक्षाने गोल मैदानात न्यायची. मला तेव्हा ते केवढं मोठं वाटायचं. घराजवळची वालधुनी मात्र मी कधी नदी म्हणून पाहिलीच नाही, नाक दाबून ओलांडायचा नाला म्हणूनच पाहिली. तीच वालधुनी वर अंबरनाथला १०६० सालच्या शिवमंदिराला लागून वाहते. साडेनऊशे वर्षांपूर्वी कुणालातरी तिच्या काठी मंदिर बांधावंसं वाटलं होतं. २०१४मध्ये तिच्यात सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरात शेकडो लोकांना हॉस्पिटलमध्ये जावं लागलं.

आता तोच हिशोब बदलापूरला लावा. लोकसंख्या १,७४,२२६. निकषाने जागा लागते पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आत. नगरपालिकेची हद्द पस्तीस चौरस किलोमीटरच्या घरात. म्हणजे फक्त ५ टक्के! लोकसंख्या आज दुप्पट धरली तरी १० टक्के. इथे हे अजून होऊ शकतं. उल्हासनगर आणि बदलापूर यांच्यात चार स्टेशनांचंही अंतर नाही. फरक आहे तो काही दशकांचा, आणि तो झपाट्याने कमी होतोय. आमच्याकडे याला टेक्निकल डेट म्हणतात. ‘नंतर करू’ म्हणून बॅकलॉगमध्ये टाकलेलं काम नंतर दहापट महाग पडतं, आणि कधीकधी सिस्टीम अशी बनते की ते करताच येत नाही.

यावर मला नेहमी दोन उत्तरं मिळतात.

पहिलं : ‘बाग कशाला, आजूबाजूला एवढे डोंगर आहेत की!’ आहेत. मलंगगड आहे, चंदेरी आहे, कोंडेश्वर आहे. पण डोंगर म्हणजे बाग नव्हे. गुडघे दुखणारी आई तिथे रोज संध्याकाळी जाऊ शकत नाही. सात वर्षांचं पोर एकटं जाऊ शकत नाही. शिवाय वसंतात आमच्या टेकड्यांवर फुलांइतकाच नेमाने वणवा येतो. मार्चच्या रात्री गॅलरीतून जी केशरी रेघ दिसते ती पळसाची नसते. आणि डोंगर आहेत म्हणून खाली बाग नको, हे म्हणणं ‘समुद्र आहे म्हणून नळाला पाणी नको’ यासारखं आहे.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे : ‘लोकांना घरं नाहीत आणि तुम्हाला फुलं बघायचीत.’ याला मी हसण्यावारी नेणार नाही, कारण बागेच्या नावाने गरिबांना हुसकावल्याचा इतिहास आहे. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क, ज्याचं नाव आपल्याकडचा प्रत्येक दुसरा प्रकल्प लावतो, ते ८४३ एकरांचं आहे. ते करताना १८५७मध्ये तिथली सेनेका व्हिलेज ही वस्ती उठवली गेली, जिथे बहुतांश काळे लोक राहत होते आणि त्यांतले अनेक जण स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातूनही नव्वदच्या दशकात न्यायालयाच्या आदेशानंतर हजारो झोपड्या हटवल्या गेल्या. म्हणूनच मी म्हणतेय की घरं पाडून बाग करायची वेळच येऊ देऊ नका. न्यूयॉर्ककडून शिकायचंच तर एवढं शिका की शहर तिथवर पोचायच्या आधी त्यांनी जमीन बाजूला काढली. आणि सार्वजनिक बाग सगळ्यात जास्त लागते ती छोट्या घरात राहणाऱ्यांना. टेरेस गार्डनवाल्यांचं तिच्यावाचून अडत नाही.

मग जमीन येणार कुठून? विकास आराखड्यात आरक्षणं असतात, बागेसाठी, मैदानासाठी. पण महाराष्ट्राच्या १९६६च्या नगररचना कायद्यातलं कलम १२७ बघा. आराखडा लागू झाल्यावर १० वर्षांत ती जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द. मालकाच्या बाजूने हे न्याय्यच आहे; कुणाची जमीन किती वर्षं अडकवून ठेवणार? पण याचा अर्थ असा की काहीच न करणं हासुद्धा निर्णय असतो. कुणी बाग रद्द केली असं कधी घडतच नाही. फक्त मुदत संपते, आणि मग निळे पत्रे लागतात.

एक जागा मात्र अशी आहे जिच्यावर तसंही बांधता येत नाही. उल्हास नदीचा काठ. नदीची पूररेषा आखलेली असते आणि निळ्या रेषेच्या आत इमारतींना मनाई असते. बाग, मैदान, शेती असा मोकळा वापर चालतो. ही रेषा कागदी नाही हे आम्हाला २६ जुलै २००५ला कळलं आणि २७ जुलै २०१९ला पुन्हा कळलं, जेव्हा महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. तरीही काठाजवळ भराव पडतात, कारण रिकामी जागा वाया जाते असं आपल्याला वाटतं. ती वाया जात नाही. पावसाळ्यातले काही दिवस ती नदीची असते. उरलेलं वर्ष, फेब्रुवारी ते मे तर नक्कीच, ती आपली असू शकते. तिथे जांभूळ, करंज, अर्जुन लावा. ही पाण्याकाठची झाडं आहेत, दोन दिवस बुडाली म्हणून मरत नाहीत. मातीची पायवाट ठेवा. दिवे, मुतारी, पिण्याचं पाणी, रात्री ११ वाजेपर्यंत उघडं, आणि पहारा द्यायला माणसं. बाकी काही करू नका. विशेषतः जिराफ आणू नका.

तिकीटही लावू नका. ठाण्यात कोलशेतला २०२४मध्ये वीस एकरांचं सेंट्रल पार्क उघडलं. चांगलंय, गर्दी असते. पण तिकीट आहे. मुंबईत रेसकोर्स आणि कोस्टल रोड मिळून तीनशे एकरांच्या पार्कची चर्चा आहे. होऊ दे. प्रश्न एवढाच आहे की मुंबईला माणसं पुरवणाऱ्या शहरांनी वसंतही मुंबईतच जाऊन बघायचा का?

तुम्ही कल्याणच्या पुढे राहत असाल तर एक काम करा. तुमच्या नगरपालिकेचा विकास आराखडा शोधा, ती पीडीएफ फोनवरही उघडते. त्यात हिरव्या रंगाने दाखवलेले तुकडे तुमच्या घराजवळ कुठे आहेत ते बघा आणि रविवारी तिथे प्रत्यक्ष जा. काय दिसतं त्याचा फोटो काढा. नवा आराखडा येतो तेव्हा हरकती-सूचनांसाठी मुदत असते. त्या मुदतीत बिल्डर लिहितात, जमीनमालक लिहितात. बागेत बसू इच्छिणारं कुणी लिहीत नाही, कारण तो ‘मुद्दा’ आहे असंच आपल्याला वाटत नाही.

मी हे सुरू केलंय. दोन हिरवे तुकडे बघून झाले. एकावर गाड्या उभ्या असतात, दुसऱ्यावर राडारोडा. तिसऱ्या रविवारी नदीच्या बाजूला गेले, तर एका बांधाच्या कडेला पळस दिसला. बऱ्यापैकी मोठा. फुलं गळत आली होती, खाली सडा पडला होता. मी तिथे पाऊण तास बसले. तो निळ्या रेषेच्या आत आहे की बाहेर, ते आता नकाशावर तपासतेय.